तेरा जहाजे सोडली, कोळसा गेला

ब्रिटिश आरमाराने ५ मार्च १९४० रोजी इंग्लिश खाडीत इटलीची कोळशाची जहाजे अडवायला सुरुवात केली. दोन-तीन दिवसांत अडवलेली जहाजे तेरा झाली. माल जर्मन खाणींतला. भरलेला रॉटरडॅमच्या धक्क्यावर. जायचा इटलीला. इटली तेव्हा युद्धात नव्हता, त्यामुळे बराच गवगवा झाला. ९ मार्चला तेराही जहाजे कोळशासकट सोडून देण्यात आली. बदल्यात इटलीने कबूल केले की, यापुढे रॉटरडॅमहून कोळसा भरून जहाजे निघणार नाहीत. वरवर पाहता प्रकरण सामोपचाराने मिटले.

दुसऱ्याच दिवशी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप रोमला पोचले. १३ मार्चला करार झाला. समुद्राने येणारा कोळसा आता रेल्वेने येईल. महिन्याला दहा लाख टन, आल्प्स ओलांडून. १८ मार्चला हिटलर आणि मुसोलिनी ब्रेनर खिंडीत भेटले. १० जूनला इटली युद्धात उतरला.

युद्धाच्या इतिहासात ही तेरा जहाजे दोन ओळींत आटोपतात. पुढे इतके काही भयंकर घडले की, चार दिवस अडकलेल्या कोळशाची आठवण कोण ठेवणार? आमच्या मते ती ठेवली पाहिजे. युद्धकाळात व्यापारावर घातलेले निर्बंध नेमके कुठे फसतात, ते या चार दिवसांत स्वच्छ दिसते.

आधी त्या कोळशाची वाट पाहा. जर्मनीतून इटलीला जाणाऱ्या कोळशाचा मोठा भाग ऱ्हाइन नदीतून पडावांनी रॉटरडॅमला यायचा. तिथे जहाजात चढायचा. मग डोव्हरसमोरून, बिस्केच्या उपसागरातून, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात शिरायचा. म्हणजे ब्रिटिश तोफांच्या टप्प्यातून एकदा नव्हे, दोनदा. कुठले जहाज, किती टन, कुणाच्या नावावर, कधी निघाले, हे लंडनला कळत होते. किती सोडायचे, कधी सोडायचे, कशाच्या मोबदल्यात सोडायचे, हे लंडनच्या हातात होते. एका तटस्थ देशाची रेल्वे, त्याच्या शहरांचा गॅस, त्याच्या पोलादाच्या भट्ट्या ज्या मालावर चालतात, तो माल रोज आपल्या दारावरून जातो आहे. युद्ध लढणाऱ्या देशाला यापेक्षा मोठे साधन क्वचितच मिळते.

आल्प्सवरून जाणारी रेल्वे ब्रिटिश आरमाराच्या टप्प्यात नव्हती. ती कुठल्याच आरमाराच्या टप्प्यात नसते. इटलीची वेसण हाती असल्याचे दाखवण्यासाठी लंडनने ती इतक्या जोराने ओढली की, ती तुटली. तेरा जहाजे अडवून जे मिळाले, ते चार दिवसांचे होते. जे गेले, ते पुढे हाती लागले नाही.

हे घडले कसे? मूर्खपणाने नव्हे. प्रत्येक पायरीला कारण होते. जर्मनीने चुंबकी सुरुंग पेरून जहाजे बुडवली. त्याला उत्तर म्हणून ब्रिटनने २७ नोव्हेंबर १९३९ ला हुकूम काढला : जर्मनीतून बाहेर जाणारा मालही समुद्रात पकडला जाईल, मग जहाज कुणाचेही असो. इटलीच्या कोळशाला तेवढी सवलत मिळाली. ती १ मार्चपर्यंत टिकली. मधल्या महिन्यांत सर विल्फ्रिड ग्रीन यांच्यासारखा जाणता न्यायाधीश रोमशी वाटाघाटी करत होता. प्रस्ताव असा की, जर्मन कोळसा थांबेल, पण ब्रिटिश कोळसा मिळेल.

प्रस्ताव योग्य होता. अडवायचे तर द्यायचेही, हे त्यात होते. आता मोबदल्याचा रकाना पाहा. ब्रिटनला कोळशाच्या बदल्यात मुख्यतः शस्त्रसामग्री हवी होती. काप्रोनी कारखान्याची विमाने हवी होती, तोफा हव्या होत्या. ब्रिटनची गरज खरी होती. पण मागणी कुणाकडे केली जात होती? २२ मे १९३९ ला जर्मनीशी पोलादी करार करून बसलेल्या मुसोलिनीकडे. आपल्या मित्राशी लढणाऱ्याला आपणच तोफा विकायच्या, ही अट तो पाळील असे मानायला काय आधार होता? फेब्रुवारीत त्याने साफ नकार दिला. शस्त्रे मिळणार नाहीत.

इथे लंडनला दोन वाटा होत्या. शस्त्रांचा हट्ट सोडून दुसऱ्या मालावर, उधारीवर, कमी प्रमाणात का होईना पण कोळसा द्यायचा. किंवा जर्मन कोळशाची सवलत आणखी काही महिने वाढवायची. दोन्ही वाटांनी कोळसा समुद्रातच राहिला असता. लंडनने तिसरेच केले. देण्याचा भाग मागे पडला. अडवण्याचा भाग तारखेबरहुकूम अमलात आला. प्रस्तावाचे दोन पाय होते, त्यातला एकच पुढे पडला.

आमचा सगळा आक्षेप एवढ्यावर आहे. कोळसा अडवण्याचा हुकूम काढताना तो मिळणार कुठून, किती, कोणत्या वाहनाने आणि कशाच्या मोबदल्यात, हे त्याच कागदावर लिहिलेले नसेल, तर तो हुकूम अर्धा असतो. उरलेला अर्धा शत्रू लिहितो. १३ मार्चला तो रिबेनट्रॉपनी लिहिला. त्यात चारही गोष्टी होत्या. कुठून, ते होते. किती, ते होते. वाहन होते. मोबदल्यात तोफा मागितलेल्या नव्हत्या.

तो करार हवेतला नव्हता, हेही लक्षात घ्या. महिन्याला दहा लाख टन म्हणजे दिवसाला तेहतीस हजार टनांहून अधिक. एका गाडीत हजार टन धरले तरी रोज तेहतीस गाड्या. त्याही घाटातून. शिवाय परत जाणाऱ्या रिकाम्या वाघिणींच्या तितक्याच गाड्या. बोटीने जाणारा स्वस्त, अवजड माल खिंडीतून रेल्वेने नेणे हा एरवी कुठलाच हिशेबी माणूस करणार नाही असा धंदा. जर्मनीने तो केला. युद्ध चालू असताना, स्वतःला वाघिणी हव्या असताना केला. गाड्या ब्रेनरवरून गेल्या आणि त्यांचा मोठा हिस्सा स्वित्झर्लंडमधून गॉटहार्डच्या बोगद्यातून गेला. गॉटहार्डची रेल्वे विजेवर धावत होती. ती वीज पाण्याची होती. पहिल्या महायुद्धात कोळशासाठी हाल झाल्यावर स्विस लोकांनी रेल्वेला वीज लावण्याची घाई केली होती. ब्रिटनने अडवलेला कोळसा अशा रीतीने पाण्याच्या जोरावर इटलीत उतरला. पुढची दोन-अडीच वर्षे जर्मनीने हा पुरवठा बहुतांशी सांभाळला. लंडनमधल्या ज्यांनी एवढा कोळसा रेल्वेने जाऊच शकणार नाही असे गृहीत धरले असेल, त्यांनी खर्चाचा हिशेब केला होता. जर्मनीने किमतीचा हिशेब केला. तिला इटली हवा होता.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. मुसोलिनीला युद्ध हवेच होते. कोळसा मिळाला असता तरी फ्रान्स कोसळताना तो लुटीत वाटा मागायला धावलाच असता. असेलही. त्याच्या मनाबद्दल आम्हाला शंका नाही. पण देश म्हणजे एकटा मुसोलिनी नव्हता. १९४० च्या त्या हिवाळ्यात रोममध्ये युद्ध टाळू पाहणारी माणसे होती. परराष्ट्रमंत्री चिआनो स्वतः जर्मनीवर नाराज होते. कारखानदार धास्तावलेले होते. राजाला उत्साह नव्हता. या सगळ्यांकडे एक सज्जड मुद्दा होता : आपला कोळसा समुद्रातून येतो आणि समुद्र ब्रिटनचा आहे. हा मुद्दा कुठल्याही भाषणापेक्षा वजनदार होता. १ मार्चच्या हुकमाने तो त्यांच्या हातून काढून घेतला आणि १३ मार्चच्या कराराने तो उलटा केला. आता कोळसा ब्रेनरवरून येणार होता आणि ब्रेनरच्या पलीकडे हिटलर होता.

हे वजन पूर्वी किती होते, ते १९१४ सांगते. तेव्हाही इटली जर्मनी-ऑस्ट्रियाचा दोस्त होता, करारबद्ध दोस्त. तरी तो त्यांच्या बाजूने उतरला नाही. त्याची कारणे अनेक आहेत. एक कारण काळे आणि ढोबळ आहे. इटली बाहेरून आणत असलेल्या दर दहा टन कोळशातले जवळजवळ नऊ टन ब्रिटनमधून यायचे. कार्डिफची बोट जिनोव्हाला लागली नाही तर इटलीची आगगाडी थांबायची. इटली ब्रिटनच्या बाजूने युद्धात उतरल्यावर ब्रिटनने हे नाते जपलेही. भाडी आणि दर भडकून इटलीत ओरड सुरू झाली तेव्हा ब्रिटनचे व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन १९१६ च्या ऑगस्टमध्ये स्वतः इटलीत पालान्झाला गेले, इटालियन मंत्र्यांसमोर बसले आणि कोळशाच्या पुरवठ्याचे बोलून आले. मंत्री कोळशासाठी दुसऱ्याच्या दारी जातो, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. पुरवठा ही आपली जबाबदारी आहे, हे त्या सरकारला मान्य होते.

मग नऊ टनांचे काय झाले? त्यांची वाट १९३५ लाच लागू लागली होती. इटलीने ॲबिसिनियावर हल्ला केला आणि राष्ट्रसंघाने १८ नोव्हेंबर १९३५ पासून इटलीवर निर्बंध घातले. हल्ला निर्घृण होता, निर्बंध घालणे न्याय्य होते, याबद्दल दुमत नको. पण यादी पाहा. इटलीला पाठवायला बंदी असलेल्या मालात कोळसा नव्हताच, तेलही नव्हते. बंदी होती ती इटलीचा माल विकत घेण्यावर. कोळसा विकायला मोकळीक, पण गिऱ्हाइकाकडून काही घ्यायचे नाही. मग त्याने पैसे कुठून आणायचे? त्याने ते आणले नाहीत. तो जर्मनीकडे वळला. जर्मनी राष्ट्रसंघाबाहेर होती, कोळसा देत होती आणि बदल्यात इटलीची फळे-भाजीही घेत होती. १९३६ च्या जुलैत निर्बंध उठले. ॲबिसिनिया वाचला नाही. इटलीच्या बाजारातली वेल्सच्या कोळशाची जुनी जागाही परत आली नाही. सार्डिनियातल्या सुल्चिसच्या खाणी, कार्बोनिया हे नवे खाणगाव, असा मोठा गाजावाजा मुसोलिनीने केला, पण देशातला कोळसा गरजेच्या मानाने थोडा आणि हलका. आयातीत आता जर्मनीचा वरचष्मा होता.

म्हणजे १९४० ला ब्रिटनच्या हाती जे उरले होते, ते कोळसा देणाऱ्याचे वजन नव्हे. कोळशाच्या वाटेवर बसलेल्याचे वजन. पहिले १९३५-३६ मध्ये गमावले, दुसरे १९४० च्या मार्चमध्ये. दोन्ही वेळा चूक एकच. गिऱ्हाइकाला काय मिळणार नाही, हे ठरले. काय मिळेल, हे ठरले नाही.

निर्बंध कधीच चालत नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. नॉर्वेचे उदाहरण समोर आहे. पहिल्या महायुद्धात नॉर्वेतून जर्मनीला तांब्याचे खनिज जात होते. ते थांबवण्याचा समझोता नॉर्वे पाळत नाही, अशी ब्रिटनची तक्रार होती. १९१६ च्या डिसेंबरात ब्रिटनने नॉर्वेचा कोळसा बंद केला. हिवाळा कडक होता. नॉर्वेच्या शहरांनी तो थंडीत कुडकुडत काढला. १९१७ च्या फेब्रुवारीत नॉर्वेने मान्य केले आणि कोळसा पुन्हा सुरू झाला. लोकांना थंडीत ठेवून मिळवलेला हा विजय आहे, त्याचा अभिमान बाळगावा असे आम्हाला वाटत नाही. पण तो का मिळाला, हे समजून घेतले पाहिजे. नॉर्वेला दुसरा कोळसावाला नव्हता. अट एकच होती आणि ती पुरी करणे नॉर्वेला शक्य होते. अट पुरी झाल्या दिवशी कार्डिफ आणि न्यूकॅसलहून बोटी निघतील, हे ठरलेले होते. इटलीच्या बाबतीत यांतले एकही खरे नव्हते. दुसरा कोळसावाला दारात उभा होता. अट पुरी करणे मुसोलिनीला शक्य नव्हते. बोटी निघण्याची हमी नव्हती.

कुणी म्हणेल, यात नुकसान कुणाचे झाले? जर्मनीच्या वाघिणी अडकल्या, ते ब्रिटनच्या फायद्याचेच. एका अर्थी खरे आहे. पण हा हिशेब वेल्सच्या खाणगावात जाऊन सांगा. १९१३ मध्ये ब्रिटनने सात कोटी तीस लाख टनांच्या घरात कोळसा बाहेर विकला होता. १९३८ ला तो साडेतीन कोटींच्या आसपास आला. दक्षिण वेल्स आणि डरहॅम या दोन मुलखांचे पोट निर्यातीवर. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, इटली शत्रू झाला आणि उरलेली मोठी गिऱ्हाइके एका महिन्यात गेली. फ्रान्स जाण्याला कोळशाचा हुकूम कारण नव्हता, हे उघड आहे. परिणाम मात्र खाणकामगारावर झाला. देश जिवाच्या आकांताने लढत असताना डरहॅम आणि वेल्समधले खाणकामगार त्या उन्हाळ्यात बेकार बसले. तरुण होते ते सैन्यात गेले, दारूगोळ्याच्या कारखान्यांत गेले. पुढे खाणींना माणसे पुरेनात. १९४३ च्या डिसेंबरात सरकारला चिठ्ठ्या टाकून सैन्यभरतीतली मुले खाणीत धाडावी लागली. कोळशाचा व्यापार नळासारखा बंद-चालू होत नाही. खाण बंद राहिली की पाणी भरते, माणूस पांगतो, गिऱ्हाईक दुसरीकडे खाते उघडते. निर्बंधाचा कागद काढणाऱ्या खात्यात यांतली एकही गोष्ट दिसत नाही. तिथे फक्त टन दिसतात.

गिऱ्हाईक गेले की परत येत नाही, हे मुंबईनेही पाहिले आहे. पहिल्या महायुद्धात बोटी युद्धाच्या कामाला लागल्या. कलकत्त्याहून समुद्रमार्गे मुंबईच्या गिरण्यांना येणारा झरिया-राणीगंजचा कोळसा रेल्वेवर लादला गेला. युद्धात आणि नंतरची काही वर्षे हिंदुस्थानातून कोळसा बाहेर नेण्यावर बंधने राहिली. कोलंबोच्या बंदरात बोटींना लागणारा कोळसा दुसऱ्या देशांनी पुरवायला घेतला. बंधने उठली तेव्हा परक्या बंदरांतला बाजार तर गेलाच होता, पण मुंबईच्या गिरण्यांतही दक्षिण आफ्रिकेचा कोळसा येऊन पडू लागला होता. सरकारने १९२४ मध्ये समिती नेमली, १९२५ मध्ये निर्यातीच्या कोळशाची प्रतवारी करणारे मंडळ कायद्याने स्थापले. निर्बंध घालायला एक अधिसूचना पुरली होती. ते निस्तरायला समिती, कायदा आणि मंडळ लागले.

हे सारे आज उकरण्याचे कारण आहे. युरोपीय संघाने ८ एप्रिल २०२२ ला रशियाच्या कोळशावर बंदी घातली. युक्रेनवरचा हल्ला पाहता हा निर्णय आम्हाला योग्यच वाटतो. वर्षाला आठ अब्ज युरोंचा हा व्यापार, असा आकडा तेव्हा देण्यात आला. जुने सौदे पुरे करायला संघाने स्वतःच्या वीजकेंद्रांना चार महिने दिले, १० ऑगस्टपर्यंत. या काळात युरोपने स्वतःची सोय पाहिली. दक्षिण आफ्रिकेचा, कोलंबियाचा कोळसा युरोपच्या बंदरांकडे वळला. पैसेवाला गिऱ्हाईक बाजारात उतरल्यावर त्या मालाचे जे व्हायचे ते झाले. भाव चढले आणि आशियातल्या गिऱ्हाइकाला रशियाच्याच दारी जाणे भाग पडले.

आता पुन्हा वाटेचा प्रश्न. जगातल्या बोटींचा विमा, भाड्याचे व्यवहार, बँकेची हमीपत्रे यांचा मोठा भाग युरोपच्या हातात आहे. १९४० च्या डोव्हरची ही आजची जागा. रशियाचा कोळसा आशियात नेणारी बोट युरोपच्या विम्यावर चालत असेल, तर ती युरोपच्या नजरेखाली आहे. ती किती नेते, काय भावाने नेते, हे कळते. पण नियमाचा आधी लावला गेलेला अर्थ असा होता की, युरोपीय कंपन्यांनी हा माल जगात कुठेही पोचवू नये. विमावाले हात आखडू लागले, बोटवाले बिचकले. मग १९ सप्टेंबरला संघाने खुलासा केला : ज्या देशांना ऊर्जेची निकड आहे, तिथे हा कोळसा नेण्याला, त्याला विमा देण्याला हरकत नाही.

हा खुलासा योग्य आहे. आम्ही त्याचे स्वागतच करतो. बंदी म्हणजे काय, याचा विचार करताना ज्याला कोळसा हवा आहे त्याचाही विचार करावा लागतो, हे त्यात मान्य झाले. पण त्याची तारीख पाहा. बंदी पुरती अमलात आल्यावर चाळीस दिवसांनी तो आला. हुकूम काढला गेला, त्या दिवसापासून मोजले तर पाच महिन्यांहून अधिक. एप्रिलच्या त्याच कागदावर तो का नव्हता? स्वतःच्या वीजकेंद्रांना चार महिने द्यायचे सुचले, तेव्हा चितगावचे किंवा कांडल्याचे बंदर आठवायला काय हरकत होती?

मधल्या काळात काय झाले, याची एक नोंद मुंबईतच आहे. २०२२ च्या जूनमध्ये अल्ट्राटेक या मुंबईत मुख्यालय असलेल्या सिमेंट कंपनीने रशियाच्या सुएक या कंपनीकडून १ लाख ५७ हजार टन कोळसा घेतल्याची बातमी आली. माल रशियाच्या अतिपूर्वेकडच्या व्हॅनिनो बंदरात भरला होता. कंपनीचा यात काही दोष नाही. भट्टीला कोळसा लागतो आणि भारताने बंदी घातलेली नाही. पाहायचे ते बिल कोणत्या चलनात होते. डॉलरमध्ये नव्हते, युरोत नव्हते. ते सव्वासतरा कोटी युआनचे होते. एक भारतीय कंपनी रशियाच्या मालाचे पैसे चीनच्या चलनात देते, हे त्याआधी सहसा घडत नव्हते. डॉलरची वाट धोक्याची वाटू लागली, तेव्हा व्यापाराने दुसरी वाट धरली. ब्रेनरची खिंड दगडाची होती, ही बँकेच्या खात्यांची आहे. ती एकदा रुळली की तिच्यावरून फक्त कोळसा जात नाही.

युरोपच्या अधिकाऱ्यांसमोर एप्रिलमध्ये ज्या मालाची यादी होती, तिच्याशेजारी ज्या देशांना तो माल लागतो त्यांची यादीही हवी होती. कुणाला किती, कोणाच्या बोटीने, कोणत्या चलनात, कोणत्या अटीवर. हे काम अवघड नव्हते. टनांचे आकडे त्यांच्या विमा कंपन्यांच्याच दप्तरात होते. ते सप्टेंबरात झाले आणि तेही खुलाशाच्या रूपात, प्रश्नोत्तरांच्या एका परिच्छेदात. जूनमध्ये युआनमध्ये फाटलेल्या बिलाला त्याचा काही उपयोग नव्हता.